बारावा खुंट

१

सकाळी साडेपाचला उठायचं, मामीच्या हातचा काळा चहा उभ्याउभ्या प्यायचा आणि गळ्यात दुर्बीण अडकवून हत्तीबोडीच्या पाळीवर, तलावाच्या बांधावर जायचं, हा रेणूचा तीन वर्षांचा नेम होता. नावाला बोडी, पण तलाव केवढा थोरला! सौंदडकडून येणाऱ्या सडकेवरून पाहिलं तर अर्धाच दिसायचा. उरलेला अर्धा धुक्यात नाहीतर बेशरमाच्या झुडपांमागे.

पाळीच्या मध्यावर धिवरांची कुडाची खोपी होती. आत जाळी, वल्ही, फुटक्या घमेल्यात डांबर, आणि या सगळ्यावर माशांचा जुना वास. तलावाच्या बाजूनं हातभर खिडकी. त्या खिडकीशी पालथ्या टोपलीवर बसून रेणू पक्षी मोजायची. गोंदियाच्या एका संस्थेला रोजचा तक्ता पाठवायचा असे. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी बसलेल्या पोरीला तेवढंच काम. पण या हंगामाचा तक्ता शेवटच्या मोजणीपर्यंत अखंड राहिला, तर संस्थेत कायम घेऊ, असं साहेब म्हणाले होते.

तलावात अकरा खुंट होते. कधीकाळी पाळ उंच केली तेव्हा अर्जुनाची झाडं पाण्यात राहिली आणि मेली, त्यांचे हे बुंधे. रेणूनं डावीकडून त्यांना नंबर दिले होते, कारण पक्षीही माणसांसारखेच, आपली जागा सोडत नाहीत. एकवर खंड्या. तीनवर पाणकावळे. चार आणि सातवर तिरंदाज, पंख पसरून, वाळत घातलेल्या लुगड्यासारखे. नऊवर एक म्हातारा बगळा. त्याला केवलराममामा ‘सरपंच’ म्हणायचा, कारण तो दिवसभर जागेवरून हलत नसे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिनं नेहमीसारखी डावीकडून दुर्बीण फिरवली. नऊवर सरपंच, दहावर पाणकावळा, अकरावर दोन नदीसुरय. मग थोडं पाणी. मग बारावा.

काळा, ओला, पाण्यावर दीड हात. तिनं दुर्बीण खाली घेतली, फडक्यानं पुसली, परत लावली. खुंटच होता. तक्त्यात रकाना नव्हता म्हणून तिनं खाली हातानं रेघ ओढली आणि लिहिलं: खुंट १२. रिकामा.

२

“पाणी उतरून राहिलं ना, पोरी,” मामा म्हणाला. तो अंगणात जाळं तुणत बसला होता, दाताखाली सुई धरून. आयुष्यभर ओलं जाळं वाहून त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटं खाली उतरला होता. दुरून चालत आला तरी सावलीवरून ओळखू यायचा. “उन्हाळी धानाले पाणी सोडाले तुडूम उघडला. पाणी उतरलं का खालचं वर येतेच.”

“पण मामा, मागच्या साली तर याच्याहून पाणी कमी होतं. तवा काऊन नाही दिसला?”

“तवा तू मगर पाहून राहिली होतीस,” मामी चुलीपासून म्हणाली. तिचं नाव अनुसयाबाई. बोलायची सुईसारखं, पण ताटात माशाचा मधला तुकडा नेहमी रेणूलाच पडायचा.

रेणूनं मामापुढचं जाळं उगाच सरळ केलं. मागच्या वर्षी तिनं याच तलावात मगर पाहिली होती. गावभर ओरडत सुटली होती. धिवरांच्या सोसायटीनं दोन दिवस मासेमारी बंद ठेवली, जंगलखात्याची जीप आली, पाळीवर जत्रा जमली. शेवटी सोसायटीच्या अध्यक्षांनी, पुनारामबुवांनी, बांबूनं ओढून काढला तो ट्रॅक्टरचा टायर. तेव्हापासून किराणा दुकानातसुद्धा लोक तिला ‘मगरवाली’ म्हणून हाक मारत. हसला नव्हता तो एकटा मामा. टायर खांद्यावर टाकून त्यानं घरी आणला होता आणि म्हणाला होता, “माह्या भाचीनं पकडलेली मगर हाय. वाया कायले जाऊ द्याची?” त्यातच आता मामीची तुळस होती.

लहानपणापासूनच ती दचकणारी. आई गेली तेव्हा सहा वर्षांची होती, मामानं आणलं. भांडं पडलं तरी मामीच्या पदराआड. आपलं मन आपल्याला फसवतं हे तिला पाठ होतं. म्हणून तिनं बाराव्याचा फोटो काढून गोंदियाला हिमांशूला पाठवला. तो कॉलेजातला सोबती, याच कामावर दुसऱ्या तलावाला होता. त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं: ‘अरे यार, पानी उतरा तो ठूँठ निकला. सिंपल. तू चाय पी.’

तिनं चहा घेतला. बरोबरच होतं सगळं. फक्त तक्त्यात पुढचे आठ दिवस एकाखाली एक तोच शब्द होता: रिकामा, रिकामा, रिकामा.

३

फेब्रुवारी लागला तसं पाणी झरझर उतरू लागलं. तुडूमच्या दगडावर खाचा आहेत. रेणू रोज त्या बघून पाण्याची पातळी लिहायची. महिन्याभरात तीन खाचा उघड्या पडल्या, म्हणजे चांगलं दीड हात पाणी गेलं होतं.

पाणी दीड हात उतरलं की खुंट दीड हात वाढतो. यात शिकण्यासारखं काही नाही. तीन नंबरचा खुंट जानेवारीत कंबरभर होता, आता पुरुषभर दिसत होता. त्याच्यावर पाण्याच्या जुन्या रेषा एकावर एक दिसत होत्या, बांगड्या भरल्यासारख्या. सगळे अकराच्या अकरा खुंट उंच झाले होते.

बारावा दीडच हात होता.

तिनं मोबाइलमधले फोटो काढून बघितले. खोपीची खिडकी तीच, टोपली तीच, दुर्बिणीला लावलेला मोबाइलही तोच. जानेवारी, दीड हात. काल, दीड हात. त्याच्या अंगावर एकही रेषा नव्हती. वरपासून खालपर्यंत सारखा ओला. सकाळी ओला आणि दुपारच्या उन्हातही ओला.

चिखलात रुतत असेल, तिनं स्वतःला सांगितलं. तळ मऊ आहे. जड लाकूड रुततं. जितकं पाणी उतरलं तितकंच, अगदी बरोबर तितकंच रुततं.

खोपीत त्या दिवशी वारा नव्हता. कुडातून उन्हाच्या काड्या आत आल्या होत्या. बाहेर अडई बदकांची शीळ, कमळपक्ष्यांचं भांडण, दूर सडकेवर देवरीकडे जाणारी एसटी. रेणू पेन्सिलीला टोक करत होती, आणि ती टोक करता करता थांबली. आवाज आला म्हणून नव्हे. सगळे आवाज एका बाजूनं येत होते म्हणून. डावीकडून येत होते, मधून येत होते. उजवीकडून, बाराव्याच्या बाजूनं, काहीच येत नव्हतं. भिंतीला कान लावावा तसं.

मग त्या बाजूनं एकच आवाज आला. ‘डुप्.’ मोठा नव्हता. पाण्यात उभा असलेला माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो, तेवढाच.

रेणू त्या दिवशी मोजणी कशीबशी उरकून घरी आली. मामीनं विचारलं तर म्हणाली, डोकं दुखून राहिलं.

४

पक्षी त्याच्यावर बसत नव्हते एवढंच नव्हतं. ते त्याच्याकडे बघतही नव्हते. हे कळायला तिला तीन सकाळी लागल्या. अडईंचा थवा, चांगल्या दोनशे, पोहत यायचा आणि त्याच्यापाशी आला की मधून फाटायचा आणि पुढे पुन्हा जुळायचा. कोणी घाबरत नव्हतं. ओरडत नव्हतं. सासऱ्यापुढून सुना जातात तशा मान वळवून जात होत्या.

फक्त एकदा एक नवखा सुरय, त्याच वर्षीचं पिल्लू, पाय सोडून बाराव्यावर उतरायला गेला. टोकाच्या वीतभर वर असताना त्याचे पंख थांबले. पिल्लू तिथंच फडफडलं, वर गेलं, आणि किंचाळत तलावावर गोल फिरत राहिलं. अर्धा तास. आई बोलवत होती तरी उतरेना. शेवटी ते नऊवर, सरपंचाच्या शेजारी येऊन बसलं, आणि त्या म्हाताऱ्या बगळ्यानं, ज्यानं कधी कोणाला शेजार दिला नव्हता, सरकून जागा दिली.

त्या दिवशी तिला आणखी एक दिसलं, पण ते तिनं लिहिलं नाही. जानेवारीत बारावा अकराव्याच्या बराच पलीकडे, खोल पाण्यात होता. आता बारावा अलीकडे सरकला होता. पाळीच्या बाजूला.

५

सोसायटीचं पहिलं जाळं शनिवारी पडणार होतं. रेणूची शेवटची मोजणी रविवारी.

“मामा, एक दिवस पुढं नाही का ढकलता येत?”

“पुनारामबुवाले इचार. लग्नसराई हाय, रोहूची मागणी हाय. त्याले तुह्या बगळ्यायचं काय पडलं?”

“तुमी दोऱ्या खुंटायले बांधता अन् सगळी पाखरं उठून जातात. मागच्या साली चार दिवस परतली नाही. माहा तक्ता तुटला का संपलं, मामा. कायम नाही करत मंग.”

मामानं जाळं बाजूला ठेवलं. त्या भागात भाचीचा शब्द मामा मोडत नाही. भाची देवाच्या ठिकाणी. दिवाळीला, घरातून निघताना, कोणतंही काम सुरू करताना मामा भाचीच्या पाया पडतो. केवलराम धिवरानं सहा वर्षांच्या पोरीच्याही पायांना हात लावला होता आणि ती लाजून पळाली होती.

“आण तो कागद,” तो म्हणाला. “कोण्या खुंटावर कोण बसते ते दाखव. जिथं कोणी बसत नाही तिथं बांधतो दोरी. तुही पाखरं तुह्या जागी, माहं जाळं माह्या जागी.”

त्यानं चष्मा लावला. बोट रकान्यावरून खाली सरकत गेलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण रेणूचं अक्षर त्याला लागत होतं. “खंड्या... पाणकावळा... सरपंच... हे पाय, बारा. रिकामा. रिकामा. बाप्पा, दीड महिन्यात एकदाही नाही? मंग हाच आपला!”

“तिथं नोको, मामा.”

“काऊन?”

रेणूनं तोंड उघडलं. तो वाढत नाही. तो ओला आहे. तो अलीकडे आला. मनात ही वाक्यं ओळीनं उभी होती, आणि प्रत्येक वाक्यामागे तिला तो टायर दिसत होता, बांबूच्या टोकाला लोंबणारा, पाणी गळणारा, आणि शंभर माणसांचं हसू. मामी चुलीपाशी फुंकणी धरून तिच्याकडेच बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ते हसू यायच्या तयारीत होतं.

“तिथं... खोल हाय पाणी.”

मामा पोट धरून हसला. “धिवराले पाण्याची भीती सांगून राहिली पोरगी! ऐकलं का व अनुसया?”

रेणूही हसली. तो हसला की तिला हसू यायचंच.

६

शनिवारी दाट धुकं होतं. पाळीवर सोसायटीची आठदहा माणसं शेकोटी करून बसली होती. मामाचा डोंगा पहिला जायचा. तो जाळ्याची कड बांधून आला की मग बाकीचे डोंगे सुटणार.

मामानं नव्या हिरव्या नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं खांद्यावर टाकलं. चपला काढल्या. मग वाकून रेणूच्या पायांना हात लावला, तो हात कपाळाला लावला.

“मामा, आज मी येऊ का तुह्यासंगं डोंग्यात?”

“मंग सरपंचाची हजेरी कोण घेईन?” तो म्हणाला आणि बांबूनं रेटा देऊन निघाला.

ती खोपीत पळत गेली. खिडकी, टोपली, दुर्बीण. गोलात आधी नुसतं पांढरं. मग डोंग्याचं टोक, मग मामा, डावा खांदा खाली. तो अकरावा ओलांडून गेला. नदीसुरय उठले नाहीत. मामानं शब्द पाळला होता. किती हळू डोंगा रेटत होता तो, तिच्या पक्ष्यांसाठी.

बाराव्याशी डोंगा टेकला. मामानं फास टाकला, ओढून गाठ पक्की केली. मग नेहमीच्या सवयीनं, बैलाच्या पाठीवर थाप द्यावी तशी, खुंटाच्या टोकावर तळहातानं थाप दिली.

हात उचलला नाही.

तो बघत राहिला खुंटाकडे. नंतर त्यानं अगदी सावकाश मान वळवली, सरळ खोपीच्या खिडकीकडे. त्या धुक्यातून उघड्या डोळ्यांनी त्याला खिडकी दिसणं शक्य नव्हतं. दुसरा हात वर करून त्यानं तो डावीउजवीकडे हलवला. येऊ नको. आणि त्याच्या बोटांखाली, खुंटाच्या टोकाला, काहीतरी मिटलं. मूठ मिटते तसं.

रेणू बाहेर धावली. पाळीवर उभी राहून ती ओरडली. तिला ओरडायचं होतं, मामाला सोडवा. तोंडातून दुसराच शब्द आला. या गावात पाण्यातल्या भीतीसाठी तिच्याकडे तो एकच शब्द होता.

“मगर! मगर हो!”

शेकोटीपाशी माना वळल्या. मग कोणीतरी फिस्सकन हसलं. “आली वाटते मगरवाली,” पुनारामबुवा विडी झटकत म्हणाले. “एका साली टायर. यंदा ट्रॅक्टरच निंगते का तं पाहा बाप्पा!” सगळे हसले. कोणी उठलं नाही. ती त्यांचे हात ओढत होती आणि ते हसत होते, आणि हसणं थांबून दुसरा डोंगा पाण्यात पडेपर्यंत धुकं फिटायला लागलं होतं.

बाराव्याच्या जागी पाणी होतं. मामाचा डोंगा रिकामा, हळूहळू गोल फिरत होता. आत चष्मा होता, बांबू होता. दोरी नव्हती. अकराही खुंटांवरचे पक्षी जागच्या जागी बसलेले होते, एकूण एक पाठ करून.

७

तुडूम पूर्ण उघडून तलाव आटवला. चार दिवस लागले. चिखलात अकरा खुंट उभे होते, मुळांसकट. बारावा कुठं होता, हे रेणूनं पाळीवरून बोट करून दाखवलं. तिथं पुनारामबुवांनी स्वतः उतरून, छातीभर गाळात, बांबू खुपसून पाहिलं. खड्डासुद्धा नव्हता. वर येताना ते तिच्याजवळ थांबले. कागदावर ‘बुडून बेपत्ता’ असं लिहिलं गेलं.

संस्थेचं पत्र आलं, रेणूनं ते उघडलं नाही. दुर्बीण खुंटीला टांगली गेली. मामीनं बांगड्या फोडल्या नाहीत. “माणूस दिसला नाही तं कायच्यावरून फोडू?” ती म्हणायची. संध्याकाळी दोन ताटं वाढायची, मग आठवून तिसरं घ्यायची. रेणूला ती एकदाही टाकून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पावसाळा आला, गेला. दिवाळीची सकाळ आली आणि भाचीच्या पाया पडायला घरात कोणी नव्हतं. त्या सकाळी मामीनं खुंटीवरची दुर्बीण काढली आणि रेणूच्या गळ्यात घातली.

“चाल,” ती म्हणाली. “तुह्या या काचेतून दूरचं दिसते ना? एक डाव पाय. कोठी काही दिसते का, कपडा, लाकूड, काही. मंग मी इचारणार नाही.”

हत्तीबोडी काठोकाठ भरली होती. इतक्या पाण्यात अकरांपैकी तीनचीच टोकं वर उरतात, वीतवीतभर. रेणूनं डावीकडून सुरुवात केली. कोपरं छातीशी दाबली. तीनवर पाणकावळा. सातवर तिरंदाज. नऊवर सरपंच.

मग बरंचसं पाणी.

मग दीड हात उंच, काळा, ओला. जानेवारीत होता तेवढाच, पाण्यानं वाढ घेतली तरी तेवढाच. आणि त्याच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, दुसरा. हा थोडा वाकडा होता. डाव्या बाजूला चार बोटं खाली. दोघांच्या मधून पाण्याला टेकत एक हिरवी दोरी गेली होती, आणि वारा नसताना ती ताठ होती.

ते पाळीपासून फार दूर नव्हते.

“किती हाय?” मामीनं विचारलं.

रेणूनं दुर्बीण खाली घेतली. यावेळी सांगायचं की नाही, हे ठरवायला तिला एक श्वास मिळाला. त्या एका श्वासात तिला मामाचा हललेला हात आठवला. येऊ नको.

“तीन,” ती म्हणाली. “तीनच खुंट हाय, मामी. बाकी पाणी.”

मामीनं कपाळावर हात आडवा धरला होता, उन्हासाठी, जरी ऊन अजून आलं नव्हतं. तिच्या पायांत चपला नव्हत्या. त्या मागे गवतात होत्या, एकीशेजारी एक नीट ठेवलेल्या, पाण्यात उतरताना धिवर ठेवतात तशा. तिनं त्या केव्हा काढल्या ते रेणूला कळलंच नव्हतं. तिनं मामीचं मनगट धरलं. बांगड्या हातात रुतेपर्यंत घट्ट.

“मंग त्या दोघायवर,” मामी पाण्याकडेच बघत म्हणाली, “पाखरं काऊन नाही बसून राहिली व?”